रानफुलाचा फोटो कसा काढावा: रेडिंग ते कांजूरमार्ग

मागच्या भागाच्या शेवटी मी जाता जाता म्हटलं होतं, की मुलीकडे इंग्लंडला सहा महिने राहिले तेव्हा रानफुलांचे फोटो काढायचा नाद लागला. त्यावर बरेच निरोप आले. त्यात प्रश्न दोनच. पहिला, "आम्हीही लेकीकडे चाललोय, तिथे दिवसभर करायचं काय?" आणि दुसरा, "फुलांचे फोटो खूप आहेत, पण नाव काही सापडत नाही." आजचा भाग दुसऱ्या प्रश्नावर आहे. पहिल्याचं उत्तर त्यातच मिळेल.

आधी थोडी पार्श्वभूमी. रेडिंग हे लंडनच्या पश्चिमेला, थेम्स आणि केनेट या दोन नद्यांच्या संगमावरचं गाव. आपली आयटीवाली मुलं तिथे पुष्कळ. व्हिजिटर व्हिसावर एका वेळी जास्तीत जास्त सहा महिने राहता येतं. मी एप्रिलच्या सुरुवातीला गेले आणि सप्टेंबरच्या शेवटी परत आले. नात नर्सरीत, मुलगी-जावई कामावर. सकाळी साडेनऊ ते अडीच घरात मी, फ्रिज आणि वॉशिंग मशीन. कांजूरला असताना गॅलरीत उभं राहिलं तरी चार माणसांशी बोलणं होतं. तिथे शेजारी भेटला की हवेबद्दल एक वाक्य, की संपलं. अशा आयांना हे वेगळं सांगायला नको. पहिले पंधरा दिवस मी घड्याळाकडे बघून काढले. मग नदीकाठाने चालायला लागले, आणि चालता चालता खाली बघायला लागले.

खाली सगळीकडे डॅन्डेलियन होतं. पिवळंधमक, हिरवळीत, फुटपाथच्या फटीत. मुलगी म्हणाली, "आई, ते तण आहे." असेल. पण मी ३५ वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम केलंय, आणि आमच्याकडे एक गोष्ट पक्की असते: नमुन्यावर नीट लेबल नसेल तर तो नमुना नाही, नुसती बाटली आहे. तेव्हा नाव लावायचं ठरवलं. आणि तिथेच कळलं की पिवळ्या डॅन्डेलियनसारखी दिसणारी फुलं तिथे एक नाही, कितीतरी आहेत. समोरून सगळी सारखीच दिसतात. फरक असतो तो फुलाच्या मागे आणि देठात. खऱ्या डॅन्डेलियनला एका देठावर एकच फूल. देठाला पान नाही, आतून तो पोकळ, मोडला की पांढरा चीक. आणि फूल उलटं करून बघितलं की बुडाशी असलेल्या हिरव्या पाकळीसारख्या पट्ट्या खाली वळलेल्या दिसतात. ते दिसलं की नाव लागलं.

म्हणून पहिला नियम लिहून घ्या. फुलाचा चेहरा सुंदर असतो, पण ओळख बहुतेक वेळा पाठीमागे असते. आपण सगळे चेहऱ्याचा एक फोटो काढतो आणि पुढे जातो. त्या एका फोटोवरून भल्याभल्या वनस्पतीशास्त्रज्ञालाही नाव सांगता येत नाही. मी एका झाडाचे निदान सहा फोटो काढते. पूर्ण झाड, ते जिथे उगवलंय त्या जागेसकट. फूल समोरून. फूल बाजूने आणि मागून. पान वरून आणि खालून. पान खोडाला कसं जोडलंय, समोरासमोर की एकाआड एक. आणि शेंग, फळ किंवा बी काही असेल तर ते. एका फोटोत स्वतःचं बोट येऊ द्यायचं, म्हणजे आकार कळतो. नाणं वगैरे ठेवायची गरज नाही, बोट कायम बरोबर असतं.

खोडाचा फोटो कशाला, असं कोणीतरी विचारणारच. मे महिन्यात तिथे रस्त्याच्या कडेला काऊ पार्सलीची पांढरी फेसाळ फुलं येतात, कोथिंबीर फुलल्यासारखी दिसतात, आणि आहेतही त्याच कुळातली. त्याच कुळात, तशीच पांढरी छत्री असलेलं आणखी एक झाड आहे, हेमलॉक. सॉक्रेटिसला प्यायला दिलं तेच विष. फुलांवरून दोघांत गफलत होते. पण हेमलॉकचं खोड गुळगुळीत असतं आणि त्यावर जांभळे डाग असतात. खोडाचा फोटो नसेल तर तुमच्याकडे एक सुंदर पांढरं फूल आहे, बाकी काही नाही. आणि हो, ओळख पटली असं वाटलं तरी परक्या गावातलं रानातलं काही तोंडात घालायचं नाही. आपल्याला टाकळा नि कुर्डू ओळखता येतो म्हणून तिथला पाला ओळखता येतो असं नाही.

ब्लूबेलचंही तसंच. एप्रिलच्या शेवटी तिथल्या जुन्या रानांत जमीन निळी होते. त्यात एक तिथलं मूळचं ब्लूबेल आणि एक बागेतून निसटलेलं स्पॅनिश. मूळच्याचा देठ एका बाजूला झुकलेला, आतले परागकण सायीच्या रंगाचे. स्पॅनिश ताठ उभं, परागकण निळसर. म्हणजे फूल खालून, आत डोकावून टिपावं लागतं. मी फोन उलटा धरून, कॅमेरा जमिनीला टेकवून तो फोटो काढला, आणि एका कुत्रेवाल्या आजोबांनी थांबून विचारलं, "काही हरवलंय का?" नाही म्हटलं, पराग बघतेय. ते दहा मिनिटं बोलत उभे राहिले. तिथे आल्यापासूनचं ते माझं सगळ्यात लांब संभाषण. त्यांनीच सांगितलं की वाट सोडून आत पाय टाकायचा नाही, पानं तुडवली गेली की ब्लूबेलचा कंद पुढची काही वर्षं अशक्त होतो. शिवाय १९८१ च्या तिथल्या कायद्याप्रमाणे जमिनीच्या मालकाच्या परवानगीशिवाय कुठलंही रानरोप मुळासकट उपटणं गुन्हा आहे. फोटोला मात्र कोणाची ना नाही.

आता थोडं फोनबद्दल. महागडा कॅमेरा लागत नाही, माझा फोन मधल्या किमतीचा आहे. कडक उन्हात काढू नका, ढगाळ हवा सगळ्यात छान. ऊन असेलच तर आपली सावली फुलावर पाडा किंवा छत्री धरा. पिवळं आणि पांढरं फूल फोनमध्ये जळून जातं, पाकळ्यांच्या रेषा दिसेनाशा होतात. तेव्हा फुलावर बोट टेकवायचं आणि उजेडाची पट्टी खाली ओढायची. फार जवळ जाऊ नका, अगदी जवळचं बहुतेक फोनना स्पष्ट दिसत नाही. थोडं लांबून दुप्पट झूम करणं बरं. वारा असेल तर पाठ वाऱ्याकडे करून बसा, अंगाचा आडोसा होतो. गुडघे दुखत असतील तर पाटासारखं काहीतरी हलकं बरोबर ठेवा. मी नातीचं खेळायचं फोमचं चौकोनी आसन नेत असे.

नाव लावायला मी आयनॅचरलिस्ट वापरते. २००८ मध्ये अमेरिकेत बर्कली विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून ते सुरू झालं. फोटो टाकला की यंत्र अंदाज सांगतं, पण खरं काम पुढे होतं: जगभरातली जाणकार माणसं तो फोटो बघून होय-नाही सांगतात. तारीख आणि ठिकाण नसेल तर नोंद अर्धवट राहते, म्हणून फोनमधलं लोकेशन चालू ठेवा. फक्त घराच्या आवारातला फोटो असेल तर ठिकाण धूसर करायची सोय त्यात आहे, ती वापरा. जावयाने हे मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. यंत्राच्या अंदाजावर माझा फारसा विश्वास नाही. ते आत्मविश्वासाने बोलतं, एवढंच. माणसांनी दुजोरा दिला की मी वहीत शाईने लिहिते, तोवर पेन्सिलने.

जूनमध्ये रेल्वेच्या कुंपणाकडेला पिवळ्या फुलांचे ताटवे दिसायला लागले. ऑक्सफर्ड रॅगवर्ट. आपल्याकडे गणपतीच्या सुमाराला सह्याद्रीवर सोनकी फुलते ना, तिच्याच प्रजातीतलं, सेनेसिओ. मूळचं ते इटलीतल्या सिसिलीचं, एटना ज्वालामुखीच्या राखेत वाढणारं. ऑक्सफर्डच्या वनस्पती उद्यानात आणलं, तिथून भिंतीवर निसटलं, आणि एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली तशी त्याला रुळांमधली खडी मिळाली. ती त्याला ज्वालामुखीच्या दगडांसारखीच वाटली असणार. जॉर्ज क्लॅरिज ड्रूस नावाच्या ऑक्सफर्डच्या वनस्पतीशास्त्रज्ञाने लिहून ठेवलंय, की ऑक्सफर्डजवळ त्याची केसाळ बी गाडीच्या डब्यात तरंगत शिरली, प्रवासभर हवेत राहिली आणि टाइलहर्स्टला बाहेर पडली. टाइलहर्स्ट म्हणजे रेडिंगचंच एक उपनगर, आमच्या घरापासून बसने जाता येईल असं! हे वाचल्यावर मला कांजूरमार्ग स्टेशनाबाहेरची रुळांची कड आठवली. तिथे एकदांडी असते. काही जण तिला दगडी पाला म्हणतात, कोणी कंबरमोडी. लांब देठावर एकच पिवळं-पांढरं फूल, आणि बी तशीच पिसासारखी केसाळ. लहानपणी खरचटलं की तिचा रस लावायचे. ती मूळची मध्य अमेरिकेची.

म्हणजे लहानपणापासून जिचा पाला मी आपला म्हणून गुडघ्याला लावला, ती पाहुणी. हे डोक्यात बसलं आणि पुढे ऑगस्टमध्ये केनेटच्या काठावर नेमकं उलटं घडलं.

काठाच्या वळणावर, माझ्यापेक्षा उंच, गुलाबी फुलांचं जंगलच होतं. नाव कळायच्या आधी हात पुढे गेला. खोड रसाळ, तांबूस. फुलाला मागे वळलेली शेपटी. फुगलेली शेंग चिमटीत धरली तर फट्‍ करून फुटली आणि बिया उडाल्या. तेरडा! कांजूरला पावसाळ्यात आम्ही मुलं शाळेतून येताना हाच उद्योग करायचो. तेरडाच, पण पुरुषभर उंच. नाव लागलं: हिमालयन बाल्सम. आपल्या तेरड्याची सख्खी चुलत बहीण, दोघी एकाच प्रजातीतल्या, इम्पेशन्स. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ उतावळी. शेंगेमुळेच ते नाव.

ही बाई काश्मीर ते उत्तराखंड या हिमालयाच्या पट्ट्यातली. १८३९ मध्ये तिचं बी बागेसाठी इंग्लंडला गेलं. दिसायला देखणी, वाढायला सोपी. मग ती नदीकाठी पळाली. एका झाडाला ८०० पर्यंत बिया, आणि शेंग फुटली की त्या सात मीटरपर्यंत उडतात. नदीत पडल्या की पुढच्या गावाला. वर्षायू झाड, थंडीत मरतं, आणि तिच्या सावलीत दुसरं काही उगवलेलं नसल्यामुळे काठ उघडा पडून माती वाहून जाते. तिच्यावरचा तांबेरा शोधायला तिथले शास्त्रज्ञ हिमालयापर्यंत आले, आणि २०१४ पासून ती बुरशी तिकडे सोडली जाते. आपल्याकडे याच गोष्टीचा आरसा आहे: १९५० च्या दशकात पुण्यात नोंद झालेलं गाजर गवत, आणि ते खायला १९८० च्या दशकात मेक्सिकोहून आणलेले भुंगे.

मी फोटो काढत असतानाच सात-आठ स्वयंसेवक तिथे आले. हातमोजे, पाणबूट. बी धरायच्या आत झाडं उपटायला आले होते. एक वयस्क बाई होत्या, माझ्याच वयाच्या. मी म्हटलं, हे आमच्याकडचं आहे. त्या चपापल्या, "ओह, सॉरी" म्हणाल्या, जणू माझ्या घरच्यांना बाहेर काढत होत्या. खरं सांगू, क्षणभर मलाही टोचलं. सहा महिन्यांचा शिक्का पासपोर्टवर घेऊन आलेल्या बाईला 'परदेशी, काठ बळकावणारी' हे शब्द ऐकायला बरे वाटत नाहीत. पण उपटलेल्या जागेची माती बघितली तर उघडी, भुसभुशीत, खाली सरकणारी. त्या म्हणत होत्या ते खरं होतं. मी बाही वर केली आणि त्यांच्याबरोबर तासभर उपटलं. फार सोपं आहे, मुळं वरवरची असतात. मधे त्यांनी मला एक मधमाशी दाखवली, पाठ पिठात लोळल्यासारखी पांढरी. बाल्समच्या फुलात शिरताना वरचे पराग तिच्या पाठीवर घासतात. तो फोटो माझ्या सगळ्या संग्रहात मला जास्त आवडतो. दर बुधवारी मग मी त्यांच्यात जात राहिले.

त्यांना मी गौरीची गोष्ट सांगितली. आपल्याकडे कोकणात, मुंबईत पुष्कळ घरी तेरड्याची गौर असते, रोपं मुळासकट आणून, मुखवटा लावून. गौर आली, जेवली, गेली, म्हणून तर तेरड्याचा रंग तीन दिवस. सप्टेंबरात मुलीने विचारलं, "आई, आपण इथली आणायची का गौरीला? काठावर एवढी आहे." मी नको म्हटलं. हे झाड घरी नेणंसुद्धा तिथल्या नियमांत बसत नाही, आणि वाटेत एक शेंग फुटली तरी काम वाढलं. मग बाजारातून बिझी लिझीच्या दोन कुंड्या आणल्या. तेही इम्पेशन्सच, पूर्व आफ्रिकेतलं. गौरीला चाललं असावं. नैवेद्याला घावन-घाटलं केलं, ते मात्र शंभर टक्के आमच्या घरचं.

परत आले ती पावसाळा चुकवूनच. त्याची रुखरुख होती, म्हणून पुढच्या जूनपासून कांजूरमध्ये तीच वही चालू केली. आणि इथे एक अडचण लक्षात आली. रेडिंगच्या कुठल्याही फुलाची शंभर वर्षांपूर्वीची नोंदसुद्धा मिळते, कारण तिथे हौशी माणसं पिढ्यान्‌पिढ्या लिहून ठेवत आलीत. आपल्याकडे पाया घातला तो बऱ्याच अंशी दीर्घ मुक्कामाला आलेल्या परदेशी लोकांनी. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य थिओडोर कुक, मुळात इंजिनियर, त्यांनी मुंबई इलाख्याची वनस्पतीसूची १९०१ ते १९०८ मध्ये छापली. स्वित्झर्लंडचे फादर ब्लॅटर, ज्यांच्या नावाचं हर्बेरियम मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात आहे. स्पेनचे फादर सांतापाव, खंडाळ्याच्या डोंगरात वर्षानुवर्षं हिंडले आणि १९५३ मध्ये तिथल्या वनस्पतींचं पुस्तक काढलं. ते १९७० मध्ये इथेच वारले. माझ्यासारखीच परक्या गावात खाली बघत चालणारी माणसं, फक्त व्हिसा लांबचा. नंतर आपल्या लोकांनीही केलं. पुण्याचे श्रीकांत इंगळहळीकर, पेशाने इंजिनियर, त्यांची सह्याद्रीच्या फुलांची पुस्तकं रंगावरून फूल शोधायला फार सोपी आहेत, नवशिक्याने तीच घ्यावीत.

पण ही पुस्तकं खंडाळ्याची, कासची, सह्याद्रीची. कांजूरच्या मिठागराच्या कडेची वही कोणी ठेवायची? २०२० मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी कांजूरची जागा ठरली, डिसेंबरात उच्च न्यायालयाने कामाला स्थगिती दिली, तेव्हा महिनोन्‌महिने बातम्यांत आमच्या गावाचं नाव होतं. त्या चर्चेत मी एक शब्द फार ऐकला: मोकळी जमीन. कारशेड कुठे असावी यावर मी बोलणार नाही, मेट्रो मलाही हवीय. पण जमीन मोकळी आहे की नाही हे सांगायला तिथे काय उगवतं याची तारीखवार नोंद लागते. ती पोपटपंचीने होत नाही, फोटोने होते.

तर पावसाळ्यात कांजूरला, किंवा तुमच्या भांडुप-मुलुंडला, काय बघाल? केना. निळं, तीन पाकळ्यांचं, कुंपणाकडेला कुठेही. सकाळी लवकर जा, दुपारपर्यंत पाकळ्या विरघळून जातात. फोटो झाला की एखादं रोप हलक्या हाताने मातीतून उचलून मुळांकडे बघा: जमिनीखाली फिकट, कधीच न उमलणारी फुलं असतात, तिथेच बी धरतं. वरचं फूल कोणी तोडलं तरी केन्याचं काही बिघडत नाही. गणपतीच्या पत्रीतला माका आणि आघाडा बाजारात जुडीत बघतो, ते उभे कसे दिसतात ते बघा. माक्याचं पांढरं फूल शर्टाच्या बटणाएवढं, तिथे बोट फोटोत हवंच. घाणेरी, रानतुळस, लाजाळू या तिघी अमेरिकेच्या, त्यांचीही नोंद करा, पाहुण्या म्हणून वगळू नका. कोण कधी आलं आणि किती पसरलं हे कळायलाही नोंदच लागते.

खाडीकडे जायचं तर एकटं आत शिरू नका. भरती, चिखल, साप हे सगळं आहे, आणि खारफुटी संरक्षित आहे. भांडुप पंपिंगच्या रस्त्यावरून कडेकडेने बघता येतं. थंडीत तिथे पक्षीवाले मोठमोठ्या लेन्स घेऊन येतात, सगळ्यांच्या वर, माझी एकटीची खाली. उन्हाळ्यात मारांडीला जांभळट निळी फुलं येतात. तिची पानं काटेरी, कडांना टोकं असलेली, ख्रिसमसच्या हॉलीसारखी. ती पानं सकाळी वाळलेली असताना जवळून टिपा, पृष्ठभागावर मिठाचे कण चमकताना दिसतात. झाड खारं पाणी पितं आणि मीठ पानातून बाहेर टाकतं. या फोटोला ढगाळ हवा चालत नाही, तिरपं ऊन लागतं, साधारण साडेसात-आठचं.